चोवीस चिंचोके

अक्का, तुझ्या शोकसभेला मी यादी घेऊन गेले होते. सात मुद्दे होते. संस्थेच्या छोट्या सभागृहात तुझा फोटो टेबलावर ठेवला होता. त्याला घातलेला हार एका बाजूला घसरत होता आणि कोणीच तो सरळ करत नव्हतं, म्हणून मीच उठून केला. मग बोलले. तू वेळ पाळायचीस, दुसऱ्याचा डबा उघडून बघितल्याशिवाय तुला जेवण जायचं नाही, तू मला घडवलंस. लोकांनी माना हलवल्या. चौथ्या मुद्द्यापाशी मी कागदाची घडी घातली आणि खाली बसले.

चौथा मुद्दा एका शब्दाचा होता. 'क्रम.'

तो आता लिहिते. तू समोर असताना बोलायला हवा होता, पण तू समोर असलीस की मी दुसराच विषय काढायची. आता तू मधेच 'स्वल्प थांब, मंदा' म्हणणार नाहीस, एवढी एकच सोय झाली आहे.

मिरजेहून नवऱ्याच्या बदलीबरोबर मी बंगळुरात आले तेव्हा माझ्याकडे जुनी बीएस्सी होती आणि दहा वर्षांचा संसार. तुझ्या प्रयोगशाळेत तांत्रिक सहायकाची जागा निघाली होती. मुलाखतीत तू विचारलंस, "घरात डब्यांवर नावं चिकटवतेस काय?"

"हो."

"मसाल्याच्या पण?"

"तारखेसकट."

"सरी," तू म्हणालीस. "सोमवारपासून ये."

तुझं मराठी ऐकून मला हसू यायचं. तुमचं घराणं साडेतीनशे वर्षं इथलं, दर दोन वाक्यांमागे एक कानडी शब्द. तू उलट मला हसायचीस. "अर्धं इंग्लिश बोलतेस आणि मला कानडी म्हणतेस होय?" मी मॅडम म्हणायची ते तू महिन्याभरात बंद पाडलंस. "अक्का म्हण. आणि अक्काला कोणी तुम्ही म्हणतं काय?" विद्यार्थ्यांसमोर तेवढं मॅडम राहिलं.

तू मला शिकवलंस, हे खरंच आहे. नखाएवढी चिप, तिच्यावर हजारो ठिपके, एकेका जीनसाठी एकेक. रक्तातून आरएनए काढायचा, त्याला चमकणारा रंग लावायचा, चिपवर सोडायचा, जास्तीचा धुऊन टाकायचा आणि चिप स्कॅनरमध्ये सरकवायची. ज्या जीनचं काम जोरात चाललेलं असेल त्याचा ठिपका उजळ दिसतो. रोग्याची आणि निरोग्याची चिप शेजारी ठेवून फरक शोधायचा. मी म्हटलं, सोपं आहे. तू म्हणालीस, सोपं असतं तर तुला कशाला घेतलं असतं. एका चिपवर रंग जरा जास्त बसतो, दुसरी जरा जास्त धुतली जाते. आख्खी चिपच उजळ येते किंवा मंद येते.

"शाळेचे फोटो समज," तू माझ्या डब्यातली भाकरी मोडत म्हणालीस. "एक फोटो उन्हात काढला, एक ढगात. कुणाचा शर्ट पांढरा आणि कुणाचा मळका हे सांगायच्या आधी सगळ्या फोटोंचा उजेड सारखा करून घ्यायचा. हेच नॉर्मलायझेशन. नाव तेवढं मोठं आहे. हा ठेचा कुणी केला? तू?"

मग तू मला संगणकावर दाखवलंस. प्रत्येक चिपच्या आकड्यांचा एक उभा चौकोन. आधी सगळे चौकोन वरखाली, वाकडेतिकडे, आणि नॉर्मलायझेशन झालं की सगळे एका रेषेत, एका उंचीचे. घरी फळीवर स्टीलचे डबे लावून झाले की दोन पावलं मागे जाऊन बघावं, तसं मी त्या चित्राकडे बघत बसले. त्याची प्रिंट काढून टेबलासमोर चिकटवली. ती तिथे बरीच वर्षं होती. नंतर मी ती का काढली, हे तू विचारलं नाहीस.

हा चौथा मुद्दा ज्या पेपरचा आहे, त्या संशोधनाचं काम आलं तेव्हा मी तीन वर्षं मुरलेली होते. सांधे सुजण्याचा तो आजार असलेले बारा रोगी आणि बारा निरोगी माणसं. रोग्यांच्या नळ्या लाल झाकणाच्या, निरोग्यांच्या निळ्या. निरोगी कुठून आणायचे? संस्थेतल्याच लोकांचं रक्त घेतलं. निळा चार म्हणजे मी. आपल्या मशीनमध्ये एका वेळी बारा चिपा बसायच्या, म्हणजे दोन दिवसांचं काम. यादी मी केली. सोमवारी सगळे लाल, गुरुवारी सगळे निळे. सरमिसळ नको, नळी इकडची तिकडे जायला नको. तू यादी बघितलीस आणि सगळ्यांसमोर उंच धरलीस.

"ह्याला यादी म्हणतात. शिका हिच्याकडून."

बुधवारी रंगाची पेटी संपली. गुरुवारी मी नवी उघडली. पेटीचा नंबर आणि तारीख वहीत लिहून ठेवली. मी सगळं लिहून ठेवते, तुला माहीतच आहे.

चौकोन एका रेषेत आले. फरक दिसले, केवढे तरी जीन रोग्यांमध्ये वेगळे. पेपर लिहिला गेला आणि माझं नाव तू दुसरं घातलंस. शेजारच्या लॅबमधले एक गृहस्थ दारात उभे राहून म्हणाले, "टेक्निशियनचं नाव दुसरं?" तू मान वर न करता विचारलंस, "तुमच्याकडे काम कोण करतं? भूत?" त्या दिवशी मी मिरजेला फोन करून आईला सांगितलं. तिला पेपर म्हणजे वर्तमानपत्र वाटलं. तिने विचारलं, फोटो येणार का? मी म्हटलं, नाव येणार.

ते नाव आता इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर चटक्यासारखं आहे, अक्का. ते तू प्रेमाने घातलं होतंस, ह्याचाच राग येतो.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कामासाठी निरोग्यांपैकी तिघांचा उरलेला आरएनए मी पुन्हा चिपवर घातला. दिवस वेगळा, पेटी वेगळी. तिघांत निळा चार होता. नॉर्मलायझेशन केलं, आपल्या पेपरातली जीनची यादी शेजारी ठेवली आणि बघितलं तर निळा चार रोग्यांमध्ये जाऊन बसलेला. आपल्या पेपराप्रमाणे मला सांध्यांचा आजार होता. आरएनए तोच, त्याच रक्ताचा. चार जिने चढून मी तुझ्या खोलीत आले, एकदाही न थांबता.

"नॉर्मलाइज केलंस काय?" तू विचारलंस.

"तीनदा."

"मग?"

"अक्का, उजेड सारखा केला तरी काही ठिपके त्या दिवसाचेच राहतात. सगळे ठिपके रंगाला सारखे वागत नाहीत. आपण एक आख्खा वर्ग उन्हात उभा केला आणि एक आख्खा ढगात. आता शर्ट मळका आहे की ढग होता, कसं सांगणार? फोटोचं तूच शिकवलंस."

तू बराच वेळ कागद बघत होतीस. चष्मा काढलास, परत घातलास. तुला कळलं होतं. तुझ्याइतकं लवकर ते कुणालाच कळलं नसतं.

"पुन्हा करू या," मी म्हटलं. "आरएनए आहे फ्रीझरमध्ये. लाल-निळे मिसळून. आणि पेपर छापला त्या जर्नलला कळवू या."

"कळवून काय होणार? आम्ही काही लपवलेलं नाही. फाइली सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर स्कॅनरने तारीख घातलेली असते. ज्याला बघायचं त्याने बघावं."

"कोण बघतं डोक्यावरची तारीख?"

"मग तो त्यांचा दोष."

"अक्का, लोक ह्या जीनच्या यादीवरून पुढचं काम करतील."

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. डब्यात काय आणलंस हे ज्या आवाजात विचारायचीस, त्याच आवाजात विचारलंस.

"यादी कोणी लावली होती, मंदा?"

मी कागद गोळा केले आणि खाली आले. त्या एका वाक्याने तू मला इतकी वर्षं गप्प ठेवलंस. आणि मी राहिले. तुझ्यावर चिडताना हा दुसरा भाग मी बहुतेक वेळा गाळते.

पुढच्या सोमवारी तुझ्या टेबलावर घट्ट झाकणाचा एक स्टीलचा डबा आला. आत चिंचोके. प्रत्येकावर व्हाइटनरने नंबर घातलेला, तुझ्या त्या गोल अक्षरात. "आजपासून कुठली नळी कधी जाणार ते हा डबा ठरवणार," तू जाहीर केलंस. एका विद्यार्थ्याने विचारलं, मॅडम, कंप्युटरवर होतं की हे. तू म्हणालीस, "कंप्युटरला तू मनासारखा क्रम येईपर्यंत बटण दाबशील. चिंचोका एकदाच निघतो."

मग तीच पद्धत झाली. प्रयोगाच्या सकाळी सगळे टेबलाभोवती, डबा खळखळ हलवायचा, एकाने डोळे मिटून काढायचा, मी लिहायचं. आपले प्रयोग कधी आठ चिपांचे, कधी बारा, फार तर सोळा. नंबर मोठा निघाला की परत टाकायचा. "एकवीस!" "परत टाक." "एकोणीस!" "परत टाक." पोरं हसायची. मला त्या जास्तीच्या चिंचोक्यांचा वैताग यायचा. मी म्हटलंही होतं, "मॅडम, सोळाच ठेवू या ना. वेळ जातो."

"राहू दे," तू म्हणालीस.

डबा सुरू झाल्यावर काही दिवसांनी निवेदिता आली. तुला तिचा पहिला दिवस आठवत असेल. येलहंक्याहून दोन बस बदलून वेळेच्या अर्धा तास आधी दारात उभी. वडील हवाई दलात, मूळचे नाशिककडचे. तिने आपल्या पेपरातला पहिल्या क्रमांकाचा जीन निवडला आणि त्यावर पीएचडी सुरू केली. रोगी आणि निरोगी ह्यांच्यातला त्या एका जीनचा फरक तिने दुसऱ्या पद्धतीने मोजायचा होता. फरक येईना. पुन्हा मोजला, येईना. दुसऱ्या वर्षी ती माझ्या टेबलापाशी आली.

"ताई, माझ्या हातातच काहीतरी आहे. तुमचं सगळं जमतं, माझंच का येत नाही?"

मी काय म्हटलं माहीत आहे? "पिपेट कॅलिब्रेट करून घे, माप चुकत असेल."

आणि तू म्हणालीस, "अजून वीस पेशंट घे. हात बसेल."

चार वर्षं, अक्का. चौथ्या वर्षी तिने विषय बदलला, कसाबसा प्रबंध पुरा केला आणि संशोधनाचं नाव टाकलं. तिचा निरोपसमारंभ तूच केलास. जयनगरच्या बाजारातून तिच्यासाठी साडी आणायला मला बरोबर घेऊन गेलीस. तिला कुठला रंग शोभेल ह्यावर आपण दोघी दुकानात तासभर वाद घातला. ह्या एकाच विषयावर आपण त्या मुलीसाठी तोंड उघडलं.

तू दुष्ट असतीस तर बरं झालं असतं. मी नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आठ दिवस हॉस्पिटलात होते तेव्हा रोज सकाळी तू माझ्या मुलीची वेणी घालून तिला शाळेत सोडलंस. तिला रिक्षावाल्याशी कानडीत भांडायला शिकवलंस. ह्यातलं काहीही मी विसरलेली नाही. हे सगळं एका बाजूला घालून दुसऱ्या बाजूशी बरोबरी होते का, म्हणून मी पुष्कळदा बघितलं. होत नाही.

आता शोकसभेचं सांगते. सभा संपल्यावर निवेदिता व्हरांड्यात भेटली. येलहंक्यालाच ज्युनियर कॉलेजात शिकवते. केसांत थोडं पांढरं आलंय. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "ताई, माझ्या हाताला यश नव्हतं. पण मॅडमनी चार वर्षांत एकदा बोलून दाखवलं नाही. दुसरं कोणी असतं तर हाकलून दिलं असतं."

ती तुझे आभार मानत होती, अक्का. रडत होती. मी पर्समधून रुमाल काढून दिला आणि बस किती वाजता आहे ते विचारलं. पुन्हा एकदा पिपेटच कॅलिब्रेट केली म्हण.

चार दिवसांनी मी जयनगरला तुझ्या घरी गेले. रघुअण्णा, तुझा भाऊ, कपाटं रिकामी करत होता. "तायी, हे तुमच्या ऑफिसातलं दिसतं," म्हणत त्याने तो स्टीलचा डबा माझ्या हातात दिला. "अक्काने रिटायर होताना घरी आणलेला. सांबाराला घेतो म्हटलं तर ओरडली माझ्यावर. चिंचोके ते, त्यात काय एवढं?"

घरी आले आणि पहिल्यांदा ते मोजले. मी, जी धोब्याला दिलेले रुमालसुद्धा मोजते, तिने तुझे चिंचोके कधी मोजले नव्हते. एक ते चोवीस. आपला चोवीस चिपांचा प्रयोग एकच होता, आणि तो हा डबा यायच्या आधीच होऊन गेला होता. म्हणजे तू आमच्या आठ-बाराच्या प्रयोगांसाठी हे नंबर घातलेच नव्हतेस. डबा आणलास त्याच्या आदल्या रविवारी घरी बसून तू लाल आणि निळ्यांचा नवा क्रम काढायला बसली होतीस.

मग बाकीचंही जागेवर बसलं. फ्रीझर साफ करताना दरवर्षी मी त्या चोवीस नळ्यांपुढे प्रश्नचिन्ह घालायची आणि दरवर्षी तू पुढे लिहायचीस, राहू दे. सात वर्षं. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात लिहिलंस, टाक. आपण टाकल्या, दोघींनी हातमोजे घालून.

तुला करायचं होतं. हे कळल्यावर माझा राग कमी होईल असं मला वाटलं होतं. तो वाढला. चिंचोके धुऊन, वाळवून, एकेकावर नंबर घालायला तुला वेळ मिळाला. चार ओळींचं पत्र लिहायला मिळाला नाही. पद्धत तू सुधारलीस, पुढच्या प्रत्येक प्रयोगात, काटेकोरपणे. पेपर तसाच ठेवलास. आणि रोज त्याच टेबलाशी डबा हलवताना समोर निवेदिता उभी असायची. कितीदा तरी डोळे मिटून चिंचोका तिनेच काढला असेल.

गेल्या रविवारी मी येलहंक्याला गेले. पिशवीत दोन गोष्टी होत्या, माझी जुनी वही आणि डबा. निवेदिताने उपमा केला होता. मी म्हटलं, आधी बोलते, मग खाते. वहीचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं. सोमवार, बारा लाल. गुरुवार, बारा निळे. मधे बुधवारी पेटी संपल्याची नोंद. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने पानावर बोट ठेवलं आणि वरून खाली नेलं, परत वर आणलं.

"कधीपासून माहीत होतं?"

"तू यायच्या आधीपासून."

"मॅडमना पण?"

"त्यांना पण."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. ती उठून बंद करून आली.

"तुम्ही मला पिपेट कॅलिब्रेट करायला पाठवलं होतं, ताई. मी तीन वेळा केली. तिन्ही वेळा ती बरोबर होती."

"तुझा हात चांगला होता, निवेदिता. आमच्या सगळ्यांत चांगला. फरक नव्हताच, म्हणून तुला तो आला नाही."

तिने मला माफ केलं नाही. कुणी तसं वाटून घेऊ नये. डबा देऊ केला तर म्हणाली, "हे तुमचं तुमच्याकडे ठेवा." उपमा तिने डब्यात भरून दिला, कारण ती तशी मुलगी आहे. दारापर्यंत आली आणि एवढंच विचारलं, "पत्र लिहिणार का? की मी लिहू?"

"मी लिहिते."

"मला दाखवा. पाठवायच्या आधी."

काल दाखवलं. तिने दोन जागी सुधारणा केल्या, दोन्ही बरोबर होत्या. आज सकाळी ते पाठवलं. सोबत वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे, चोवीस नमुने, दोन दिवस, दोन पेट्या. पेपर मागे घ्यावा असं लिहिलंय. पहिल्या लेखिकेची संमती विचारणारा रकाना होता. तिथे तू नाहीस एवढंच लिहिता आलं.

यादी कोणी लावली, असं तू विचारलं होतंस. मी तेव्हा उत्तर दिलं नाही. पत्राचं पहिलं वाक्य तेच आहे, अक्का: नमुन्यांचा क्रम मी लावला आणि तो चुकीचा होता.

हे पुढच्याच वर्षी कळूनही पेपर तसाच ठेवला, हे दुसरं वाक्य तू लिहायचं होतंस. त्याच्यासाठी मी इतकी वर्षं जागा सोडली होती. शेवटी तेही मीच लिहिलं.